शेपटीखाली भेटू: प्रागच्या वात्सलाव चौकातला घोडेस्वार, ५ पैकी साडेचार स्टार

पुतळ्याला कोणी रिव्ह्यू देतं का मावशी, असं भाचा मला तीनदा म्हणाला. पण लोक हॉटेलच्या उशीवर दोन-दोन पानं लिहितात, मग ज्या पुतळ्यापाशी मी आठ दिवसांत पाच वेळा जाऊन आले त्याच्यावर का नको लिहू? तर हा रिव्ह्यू प्रागच्या मोठ्या चौकातल्या घोड्यावरच्या संत वात्सलावचा. स्पेलिंग बघून वाक्लाव असं वाटेल पण म्हणतात वात्सलाव, आणि चौकाचं सरकारी नाव लांबलचक आहे म्हणून तिकडे सगळे नुसतं वात्सलावाक म्हणतात, आपण जंगली महाराज रोडचं जेएम करतो तसंच.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर गेलो होतो. मी आणि आई, आईचं वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि भाचा तिथे आयटीत. आम्ही जायच्या दोन आठवडे आधी चेकमध्ये मोठा पूर येऊन गेला होता त्यामुळे जावं की नाही अशी धाकधूक होती, पण प्राग ठीकठाक होतं, नदी गढूळ होती एवढंच.

पहिल्याच दिवशी भाच्याचा मेसेज, "ऑफिसमधून थेट येतो, सहा वाजता शेपटीखाली भेटू." मला वाटलं टायपिंगमध्ये गडबड झाली. फोन केला तर म्हणाला अगं मावशी, इथे असंच म्हणतात, घोड्यापाशी नाहीतर घोड्याच्या शेपटीखाली, कोणालाही विचार. आणि खरंच, गेलो तर तिथे दहा-बाराजण कुणाकुणाची वाट बघत उभे, कुणी फोनमध्ये डोकं घालून, कुणी हातात फुलं घेऊन, एक मुलगी सारखी घड्याळ बघत. आपल्याकडे मुंबईत इंडिकेटरखाली भेटू म्हणायचे किंवा पुण्यात गुडलकला भेटू, तसा हा यांचा अड्डा. तिथेच मला पुतळा अर्धा आवडून गेला. वर बघायच्या आधीच.

आता वर काय आहे ते. काळपट ब्राँझचा घोडा, पुढचा एक पाय उचललेला, पळत नाहीये, उधळत नाहीये, निवांत चालतोय. वर चिलखत घातलेला तरुण, हातात भाला आणि भाल्याला निशाण. चेहऱ्यावर राग नाही, वीरश्री वगैरे नाही. आई म्हणाली, "हा कुठे लढायला निघालाय असं वाटत नाही गं, गावात चक्कर मारायला निघाल्यासारखा आहे." मला वाटतं शिल्पकाराला तेच पाहिजे होतं. त्याचं नाव योसेफ वात्सलाव मिसलबेक. १८९४ मध्ये या पुतळ्यासाठी स्पर्धा झाली, त्यात श्निर्ख नावाच्या दुसऱ्या शिल्पकाराचं डिझाइन जास्त लढाऊ आणि नाट्यमय होतं, बऱ्याच लोकांना तेच आवडलं होतं म्हणे, पण काम मिळालं मिसलबेकला. आणि मग तो बसला ना करत. आराखडे बदलले, रूपं बदलली, सुरुवातीचा राकट योद्धा हळूहळू शांत झाला, घोड्यासाठी आर्डो नावाचा एक खराखुरा घोडा मॉडेल म्हणून घेतला, आणि शेवटी १९१२ साली घोडेस्वार चौथऱ्यावर चढला, उद्घाटन १९१३ ला. भोवती चार संत आहेत त्यातला शेवटचा बसला १९२४ मध्ये, तोपर्यंत मिसलबेक जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे स्पर्धेपासून धरलं तर तीस वर्षं. पुणेकर असल्याने मी हे वाचून अजिबात दचकले नाही.

घोड्याची मेहनत मात्र दिसते हं. मानेखालच्या शिरा, पोटाची गोलाई, मागच्या पायांचा जोर, सगळं खरं वाटतं. आपण चौकाचौकांत जे फायबरचे घोडे बघतो, ज्यांचे डोळे बाहेर आलेले असतात आणि पाय खुर्चीच्या पायांसारखे, ते बघून डोळे विटलेले असतील तर हा घोडा बघायलाच हवा. मी तर म्हणेन स्वारापेक्षा घोडा एक मार्काने पुढे.

इथे एक विषयांतर. आमच्या मागे एक आपल्याकडचाच ग्रुप उभा होता, टूरवाला त्यांना सांगत होता की घोड्याचा एक पाय वर म्हणजे राजा जखमांनी मेला, दोन वर म्हणजे रणांगणात मेला, चारही खाली म्हणजे अंथरुणात. सगळे माना डोलावत होते. अहो काका, हे लहानपणापासून ऐकतोय आपण पण कुठल्याही शिल्पकाराने असा नियम पाळलेला नाही. महाराजांचे एक पाय उचललेल्या घोड्यावरचे पुतळे आपण कितीतरी बघतो, आणि महाराज गेले रायगडावर, आजारपणात. आणि हा वात्सलाव तर लढाईतही गेला नाही नि अंथरुणातही नाही, त्याचा झाला खून. भावाने केला. घोड्याचा पाय त्याला काय करणार!

ही गोष्ट आईला सांगताना मजा आली म्हणून इथे पण सांगते, कारण गोष्ट माहीत नसेल तर पुतळा नुसता पुतळा राहतो. वात्सलाव हा दहाव्या शतकातला बोहेमियाचा ड्यूक, म्हणजे आपल्या भाषेत राजाच म्हणा, पण तिकडे राजा हा किताब वेगळा असतो आणि तो याला जिवंतपणी नव्हता. इंग्रजी ख्रिसमसच्या गाण्यात याला राजा करून टाकलंय, ते चूक. तर हा लहान असताना याला वाढवलं आजीने, लुडमिला तिचं नाव. आजी ख्रिश्चन झालेली, धार्मिक, नातवावर तिचा प्रभाव, आणि ते सुनेला खुपायचं. मग ९२१ मध्ये सुनेने माणसं पाठवून सासूला तिच्याच डोक्यावरच्या ओढणीने गळा आवळून मारलं असं सांगतात. आई एकदम थांबली. "सुनेनं?" म्हटलं हो. "ओढणीनं?" हो. आई म्हणाली आपल्या सिरियलवाल्यांना हे कळू देऊ नका, अजून चारशे भाग काढतील.

पुढे हा नातू मोठा झाला, गादीवर आला, चर्च बांधली, आणि ९३५ च्या २८ सप्टेंबरला (काही जण ९२९ म्हणतात) धाकट्या भावाने, बोलेस्लावने, त्याला आपल्या गावी बोलावलं आणि चर्चच्या दारात त्याला मारलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोराने. आई पुतळ्याकडे बघत म्हणाली, "काका मला वाचवा." शनिवारवाड्याच्या पाच मिनिटांवर जिचं माहेर तिला दुसरं काय आठवणार. फरक एवढाच की इथे काका नव्हता, सख्खा भाऊ होता, आणि नंतर याच भावाने देह प्रागला आणवला, मेलेला लगेच संत झाला आणि मारणाऱ्याने पुढे बरीच वर्षं सुखाने राज्य केलं. त्या भावाचा पुतळा शोधू नका, या चौकात फक्त याचाच आहे.

लुडमिला आजी पण पुतळ्यात आहे बरं का. चार संतांपैकी पुढच्या दोघांत ती एक, तिच्या जोडीला प्रोकोप नावाचा मठाधिपती. या प्रोकोपबद्दल दंतकथा अशी की त्याने सैतानाला नांगराला जुंपून शेत नांगरून घेतलं. आपल्याकडे ज्ञानोबांनी भिंत चालवली त्या जातीची गोष्ट. मागच्या बाजूला व्होयतेख नावाचा बिशप आणि आनेश्का नावाची राजकन्या, जी राजघराणं सोडून जोगीण झाली. आनेश्काकडे कोणी बघत नाही कारण ती मागे आहे, पण तिची गोष्ट ऐका. ती तेराव्या शतकातली, लोक तिला शेकडो वर्षं मानत होते पण अधिकृत संत झाली नव्हती. ती झाली १२ नोव्हेंबर १९८९ ला, पोपने रोममध्ये जाहीर केलं. आणि बरोबर पाच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, प्रागमध्ये ती क्रांती सुरू झाली जिच्यात कम्युनिस्ट सरकार रक्त न सांडता गेलं. श्रद्धाळू लोक याचा संबंध लावतात. मी लावत नाही, पण मुद्दाम मागे जाऊन आनेश्काला बघून आले. तुम्हीही जा. नाहीतरी शेपटीखाली उभं राहायचंच आहे.

चौथऱ्यावर चेक भाषेत एक ओळ कोरली आहे, भाच्याने वाचून दाखवली. अर्थ साधारण असा की संत वात्सलावा, चेक भूमीच्या धन्या, आमच्या राजा, आम्हाला आणि आमच्या मागून येणाऱ्यांना नष्ट होऊ देऊ नकोस. एका जुन्या चेक प्रार्थनागीतातली ओळ आहे ती. मला ते मागून येणाऱ्यांना आवडलं. आपण देवाकडे मागताना पोराबाळांपर्यंत जातो, हे त्याच्याही पुढे गेले.

आता चौकाबद्दल. हा चौक चौकोनी नाही, म्हणजे नाव ऐकून चौक शोधू नका, हा एक लांबच लांब रुंद रस्ता आहे, वर चढत जाणारा, जवळजवळ पाऊण किलोमीटर, टोकाला नॅशनल म्युझियमची मोठी घुमटवाली इमारत आणि तिच्या पुढ्यात हा घोडेस्वार. १३४८ मध्ये राजा चौथ्या कार्लने शहराचा नवा भाग वसवला तेव्हाचा हा घोड्यांचा बाजार. अक्षरशः घोडेबाजार! मी जोरात हसले, भाच्याला कळेना काय झालं, तो सात वर्षांचा असताना भारतातून गेला, त्याला आपल्या आमदारांचा घोडेबाजार कुठून माहीत. १८४८ मध्ये नाव बदलून वात्सलावचं झालं. त्याआधीपासूनच इथे त्याचा एक जुना घोड्यावरचा पुतळा होता, सतराव्या शतकातला, तो १८७९ मध्ये वीशेहरादच्या गडावर हलवला. म्हणजे आत्ताचा हा दुसरा.

आणि मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. आपल्या मुंबईत काळा घोडा आहे ना, त्याचं काय झालं आठवा. वर एडवर्ड बसला होता, १९६५ मध्ये त्याला उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, घोडा गेला स्वारही गेला, राहिलं फक्त नाव, आणि २०१७ मध्ये तिथे परत घोडा बसवला तो बिनस्वाराचा. बरोबरच केलं, परक्याचा पुतळा होता. सांगायचा मुद्दा, सत्ता बदलली की पुतळे हलतात. प्रागमध्ये तर शंभर वर्षांत किती सत्ता आल्या नि गेल्या, ऑस्ट्रियाचा सम्राट, मग स्वतंत्र चेकोस्लोव्हाकिया, मग हिटलर, मग कम्युनिस्ट, मग परत लोकशाही, मग देशाचेच दोन तुकडे. हा घोडेस्वार सगळ्यांना पुरून उरला. आणि नुसता उरला नाही, प्रत्येक वेळी लोक याच्याच पायाशी आले. १९१८ च्या २८ ऑक्टोबरला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा गर्दी इथेच. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे आले तेव्हा तरुण पोरं याच्याच चौथऱ्यावर चढली, पोस्टरं चिकटवली. मागच्या म्युझियमवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्याच्या काही खुणा डागडुजीनंतरही भिंतीवर मुद्दाम ठेवल्या आहेत, नीट बघितलं तर दिसतात.

पुतळ्यापासून थोडं पुढे, म्युझियमच्या समोर, फरशीतून एक क्रॉस वर उसळल्यासारखा बाहेर येतो. पटकन लक्षात येत नाही, लोक त्याच्या बाजूने सेल्फी काढत जातात. यान पालाख नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ ला इथे स्वतःला पेटवून घेतलं. रणगाड्यांच्या विरोधात नव्हे, लोक हळूहळू गप्प बसायला लागले होते त्याच्या विरोधात. तीन दिवसांनी गेला. महिन्याभराने याच चौकातल्या एका इमारतीत यान झाइत्स नावाच्या अजून एका पोराने तेच केलं. दोघांची आठवण पुतळ्याच्या खालच्या बाजूला पण ठेवली आहे, फोटो, मेणबत्त्या, फुलं. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही, पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

बरोबर वीस वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये, पालाखच्या आठवणीला इथे फुलं वाहायला लोक आले तर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले आणि वात्सलाव हावेल नावाच्या नाटककाराला पकडून तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौक खच्चून भरला, लाखोंनी लोक खिशातल्या किल्ल्यांचे जुडगे वाजवत होते, जा आता घरी असं सरकारला सांगत. हावेल चौकातल्याच मेलांत्रिख नावाच्या इमारतीच्या बाल्कनीतून बोलला आणि डिसेंबर संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष झाला. एका वर्षाच्या आत तुरुंग आणि गादी! भाच्याने ती बाल्कनी दाखवली. पुतळ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर चौकाच्या उजव्या-डाव्या बाजूच्या इमारती वर बघत चाला, ती एक साधी बाल्कनी आहे, खाली दुकान. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल.

तर बाकी जगात पुतळे असतात बघायला आणि हा आहे वापरायला. याच एका गोष्टीला माझे चार स्टार.

२८ सप्टेंबरला आम्ही तिथेच होतो, शनिवार होता. त्या दिवशी वात्सलावची पुण्यतिथी, देशभर सुट्टी. पायथ्याशी फुलं, मेणबत्त्या, लाल-पांढऱ्या रिबिनी, म्हाताऱ्या बायका हात जोडून पुटपुटत होत्या, आणि शेजारी एक बाप पोराला खांद्यावर बसवून घोडा दाखवत होता. लाऊडस्पीकर नाही, फ्लेक्स नाही, कुणाही नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो नाही. मी शोधला बरं का! त्या दिवशी मला एकदम हलकं वाटलं, पण थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं, खोटं का बोलू, आपल्याकडे जयंतीला ढोल नसला तर जयंती कसली.

भाच्याने एक दंतकथा सांगितली. ब्लानिक नावाच्या डोंगराच्या पोटात एक सैन्य झोपलंय, देशावर सगळ्यात वाईट वेळ येईल तेव्हा ते उठेल आणि वात्सलाव त्याचं नेतृत्व करेल. काही जण सांगतात हा चौकातला पुतळाच जिवंत होईल, आणि कार्लच्या पुलावरून जाताना घोडा अडखळेल, दगड निघेल आणि त्याखाली जादूची तलवार सापडेल. आई शांतपणे म्हणाली, "मग अडुसष्ट साली का नाही आला?" भाचा गप्प. मग म्हणाला आजी, बहुतेक अजून सगळ्यात वाईट वेळ आली नसेल. आई म्हणाली बाई बाई, म्हणजे अजून बाकी आहे का.

आता तक्रारी, कारण अर्धा स्टार उगाच नाही कापला. एक म्हणजे पुतळ्याच्या आजूबाजूला आम्ही गेलो तेव्हा नवीन ट्रामच्या कामाची खोदाई चालू होती, पत्रे, जाळ्या, फोटोत पिवळं मशीन यायचंच. दुसरं, म्युझियम आणि पुतळा यांच्यामधून वाहनांचा मोठा रस्ता जातो, एवढ्या सुंदर जागेची त्याने वाट लावलीय, पालाखच्या क्रॉसपाशी उभं राहिलं तर कानात गाड्यांचा आवाज. तिसरं, चौकाची फरशी म्हणजे छोट्या छोट्या दगडांची, दिसायला सुरेख पण गुडघेवाल्यांना आणि चाकाच्या बॅगांना शिक्षा. आईला चांगल्या सोलचे बूट घालूनच न्या. आणि रात्री दहानंतर वरून खाली चालताना अंगावर येणारे क्लबवाले, पत्रकं हातात कोंबणारे, त्यांच्याकडे बघायचंच नाही. पोलीस असतात, भीती वाटली नाही, वैताग आला.

चौथी तक्रार पैशाची. ती पुतळ्याची चूक नाही पण त्याच्या हाकेच्या अंतरावर घडली म्हणून इथेच. एका एक्सचेंजच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात झीरो कमिशन, मी दोनशे युरो दिले आणि हातात जे कोरुना आले ते मोजून घाम फुटला. पाटीवरचा चांगला रेट खूप मोठ्या रकमेसाठी होता, आमच्यासारख्यांना भलताच. मी म्हटलं गेले पैसे. पण संध्याकाळी शेपटीखाली भाचा भेटला, पावती बघितली, घड्याळ बघितलं आणि मला हाताला धरून परत खिडकीवर घेऊन गेला. २०१९ पासून तिथे कायदा आहे, हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. खिडकीतल्या माणसाने तोंड वाकडं केलं पण युरो परत दिले. म्हणून पावती फेकू नका! तेव्हा एक कोरुना म्हणजे साडेतीन-पावणेचार रुपये, हिशोब करूनच खर्च करा.

पोटोबाचं. शाकाहारी असाल तर चौकातल्या टपऱ्यांवर सॉसेजच्या वासात घाबरून जाऊ नका, स्माझेनी सीर मागा, म्हणजे चीजचा जाड तुकडा पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला, बनमध्ये घालून देतात. आपला वडापाव आठवतो आणि लगेच विसरायला होतो कारण चटणी नाही. वर टार्टार सॉस घालतात त्यात अंडं असतं, आईसाठी आम्ही बिनसॉसचं घेतलं आणि बॅगेतून लसणीची चटणी काढली. टपरीवाल्याने वाकून बघितलं, मग बोट लावून चाखली, आणि मग पाणी प्यायला. तो गोल फिरवून भाजलेला साखरेचा ट्र्देलनिक प्रत्येक कोपऱ्यावर दिसेल, पारंपरिक म्हणून विकतात, भाचा म्हणतो हे सगळं टुरिस्टांसाठी. गोड आहे, एकदा खा, दोघांत एक पुरतो.

याच चौकाच्या खालच्या टोकाकडे बाटाची मोठी काचेची इमारत आहे, १९२९ ची. आईला म्हटलं आई, बाटा इथला आहे. आईचा विश्वासच बसेना. शाळेच्या काळ्या बुटांपासून ते बाबांच्या सँडलपर्यंत सगळं आयुष्य बाटात गेलं आणि तो आपला नाही, चेक आहे, हे तिला ७१ व्या वर्षी कळलं. लुडमिलाच्या खुनापेक्षा जास्त धक्का तिला हा बसला. आत जाऊन किमती बघून आली आणि म्हणाली लक्ष्मी रोडच बरा.

आणि इतक्या लांब गेलात तर उलटा घोडा बघितल्याशिवाय येऊ नका. पुतळ्यापासून खाली चालत आलं की डाव्या हाताला लुत्सेर्ना नावाचा एक जुना पॅसेज आहे, हावेलच्या आजोबांनी बांधलेली इमारत. आत घुमटाखाली एक मेलेला घोडा पाय वर बांधून उलटा टांगलाय, जीभ लोंबतेय, आणि त्याच्या पोटावर आपला वात्सलाव तस्साच ताठ बसलाय, भाला वगैरे घेऊन. डाविड चेर्नी नावाच्या शिल्पकाराचं काम, १९९९ चं. आईने हात कपाळाला लावला. "आणि चालतं यांना?" भाचा म्हणाला चालतं, लोक खाली बसून कॉफी पितात. देशाचा रक्षणकर्ता संत मेलेल्या घोड्यावर, आणि बाहेर चौकात त्याच्याच पायाशी मेणबत्त्या, दोन्ही चालू. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर, जाऊ दे, पुढचं लिहीत नाही, कमेंटमध्ये पण लिहू नका.

जायचं कसं, तर मेट्रोच्या ए आणि सी लाइनला म्युझियम स्टेशन, वर आलात की घोड्याची शेपटी समोरच. आईला तिकीटच लागलं नाही, ६५ च्या वरच्यांना प्रागमध्ये मेट्रो-ट्राम फुकट, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. आम्ही चोवीस तासांचा १२० कोरुनांचा पास काढायचो. तिकीट पंच करायला विसरू नका, साध्या कपड्यातले चेकर असतात. गुडघे दुखत असतील तर वरूनच सुरुवात करा, म्युझियमकडून खाली उतरत या, उलट केलंत तर चढ आहे. फोटो काढायचा तर दुपारनंतर जा, स्वाराचं तोंड खालच्या टोकाकडे आहे त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि चेहरा काळा येतो. सगळ्यात झकास व्ह्यू म्हणाल तर म्युझियमच्या पायऱ्यांवरून, तिथून घोड्याचा पार्श्वभाग दिसतो हे खरं, पण त्याच्या पुढे अख्खा चौक उतरत जातो आणि संध्याकाळी दिवे लागले की हा माणूस सगळ्या गावावर नजर ठेवून बसलाय असं वाटतं. तिकीट नाही, वेळेची अट नाही, भोवती बुटकी साखळी आहे ती ओलांडून चढू नका.

आणि ग्रुप टूरवाल्यांना हात जोडून विनंती, इथे दहा मिनिटांचा फोटो स्टॉप देऊ नका हो. निदान एक संध्याकाळ द्या, माणसं बसू देत, कोण कुणाची वाट बघतंय ते बघू देत.

शेवटच्या दिवशी मी खरेदीत अडकले, आईला भाच्याने मेट्रोपर्यंत सोडलं होतं, ती एकटीच चौकात येणार होती म्हणून माझा जीव टांगणीला. सहाला पाच कमी असताना तिचा फोन. मागे ट्रामच्या कामाची खडखड. "अगं कुठे आहेस तू? मी केव्हाची शेपटीखाली उभी आहे. इथे एक मुलगा पण थांबलाय कुणासाठी तरी, फुलं घेऊन आलाय बिचारा, अजून ती आली नाहीये. तू सावकाश ये, मला बघायचंय."